भोपळ्याची ढाल

चौकीतल्या लोखंडी कपाटावर एक ढाल होती. लाकडाची, मधोमध पितळी पत्रा आणि त्यावर कोरलेलं, 'सर्वांत कमी गुन्ह्यांची चौकी'. गेली कित्येक वर्षं ही ढाल दुसऱ्या कुठल्या चौकीच्या वाट्याला गेलीच नव्हती. वर्षातून एकदा ती मुख्यालयात न्यायची, साहेबांच्या हातून पुन्हा घ्यायची, फोटो काढून घ्यायचा आणि परत आणून कपाटावर ठेवायची, एवढाच तिचा प्रवास. हवालदारबाई ती स्वतःच्या हाताने पुसायच्या. लंबू शिपाई पुसतो म्हणाला तरी त्याच्या हाती देत नसत.

आता गुन्हे कमी म्हणजे तिथे सगळे संतसज्जन राहत होते असं कोणी समजू नये. बाजाराच्या मागची वस्ती ती. सायकली पळायच्या, खिसे कापले जायचे, पाण्याच्या नळावर डोकी फुटायची, घरमालक आणि भाडेकरू एकमेकांची गचांडी धरायचे. पण यातलं काही कागदावर यायचं नाही. त्याची सोय चौकीच्या दारातल्या बाकावर केलेली होती.

बाकाची रीत जुन्या जमादारांनी घालून दिलेली. "लिहिलं की वाढतं, बसवलं की मिटतं," असं ते म्हणायचे. तक्रार घेऊन येणाऱ्याला बाकाच्या एका टोकाला बसवायचं. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला बोलावून दुसऱ्या टोकाला बसवायचं. समोरच्या टपरीवरून दोन चहा यायचे. बाई मध्ये उभ्या राहून दोघांनाही झापायच्या, ज्याची चूक त्याला जरा जास्त. मग चहा पिऊन दोघांनी आपापल्या घरी जायचं. चोर सापडण्यासारखा नसला तर चोरीला गेलेला मोबाइल कागदावर 'हरवला' व्हायचा आणि गळ्यातून ओढलेली साखळी 'पडली' व्हायची. महिनाअखेरीला गुन्ह्यांच्या रकान्यात भोपळा. असे भोपळे साठवून साठवून ती ढाल मिळालेली होती.

लोक खूश होते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथे तर चौकीचीही पायरी चढावी लागत नव्हती. बाईंनाही बाकाचा अभिमान होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. चौकीला कागदावर पाच माणसं मंजूर होती. त्यातला एक निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. एकाला साहेबांच्या गाडीवर नेलं. पाचवा तर कोणी कधी पाहिलाच नव्हता, तो फक्त मंजूर होता. उरल्या बाई आणि लंबू. दोन माणसांत एवढी वस्ती सांभाळायची तर लिहीत कोण बसणार?

मग एका सकाळी साहेब आले. ढालीचा महिना नसताना साहेब आले म्हणजे काहीतरी वाईटच असणार, हे बाईंनी ओळखलं.

"बाई, चौकी बंद होतेय," साहेबांनी आडवळण न घेता सांगितलं.

"आमचं काय चुकलं, साहेब?"

"काहीच चुकलं नाही, तेच तर आहे. यंदा खात्याला पैसा कमी आलाय. नवी भरती नाही, आहेत तीच माणसं फिरवायची. वरून ठरलंय, जिथे गुन्हे जास्त तिथे माणसं जास्त. तुमच्याकडे गुन्हेच नाहीत. मग चौकी कशाला, असं विचारतात."

"चौकी आहे म्हणून गुन्हे नाहीत, साहेब."

"मला कळतं हो. आकड्यांना कुठे कळतं?" साहेबांनी कपाटाकडे मान वर केली. "या ढालीनंच तुमचा घात केला. महिनाअखेरीला बैठक आहे. तोवर काही दाखवता आलं तर दाखवा. नाहीतर रुळांपलीकडचं ठाणं आहेच लोकांना."

साहेबांची गाडी गेल्यावर लंबू म्हणाला, "करायला गेलो गणपती नि झाला मारुती."

रुळांपलीकडचं ठाणं म्हणजे फाटक ओलांडून जायचं, आणि फाटक एकदा पडलं की मालगाड्यांची वरात संपेपर्यंत उघडत नसे. तेवढ्या वेळात वस्तीत काय होईल याचा विचार करताना बाईंच्या डोळ्यांसमोर वस्ती आलीच नाही. एकच घर आलं. चौकीपासून दुसऱ्या गल्लीत, गॅरेजच्या वरच्या मजल्यावरचं, धाकटीचं घर.

धाकटी म्हणजे बाईंची सख्खी बहीण. तिचा नवरा त्या गॅरेजचा मालक. बाहेर असा गोड माणूस की कोणाची गाडी रस्त्यात बंद पडली तर जेवण टाकून उठेल. घरात मात्र त्याचा हात चालायचा. तीन वेळा धाकटी रडत चौकीत आली होती आणि तिन्ही वेळा बाईंनी रीतीप्रमाणे मेहुण्याला बाकावर बसवलं होतं, चहा पाजला होता, आणि वस्तीत दुसऱ्या कोणाला झापलं नसेल एवढं झापलं होतं. त्याने कान पकडले होते. त्यानंतर बरेच दिवस तो नीट वागायचा, असं बाई समजून होत्या. चौकीचा दिवा त्याच्या खिडकीतून दिसतो, तेवढा धाक पुरे आहे, असं त्यांचं गणित होतं.

बंदची बातमी वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी मेहुणा चौकीसमोर थांबला. हात जोडले, हसला.

"ताई, चौकी जाणार म्हणे. बरं झालं. तुम्हीही फार धावपळ केलीत, आता जरा आराम करा."

एवढंच बोलला आणि गेला. गुंडांच्या शिव्या खाऊन ज्या बाई जांभई द्यायच्या, त्यांना त्या गोड बोलण्याने घाम फुटला. चौकी गेली तर धाकटी त्या माणसाच्या तावडीत एकटी राहील, हे त्यांना तेव्हा लख्ख दिसलं. चौकी जाऊ द्यायची नाही, त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

"लंबू, आजपासून येईल ते लिहायचं. मोबाइल चोरला तर चोरला. साखळी ओढली तर ओढली."

लंबू मोठा उत्साही गडी. तो लगेच खुर्ची पुढे ओढून बसला. "बाई, साहेबांना गुन्हेच हवेत ना? मी बसल्या बैठकीला वीस-पंचवीस लिहितो. माझा मावसभाऊ फिर्यादी होईल, त्याचा साडू साक्षीदार. सायकली चोरीला गेल्या म्हणू. सायकल काय, येते नि जाते."

"एक जरी खोटी निघाली ना लंबू, तर खऱ्या सगळ्या बुडतील. आणि त्यांच्याबरोबर तू आणि मी."

"मग खऱ्या आणायच्या कुठून? लोक तर बाकावर येतात."

हा प्रश्न मात्र खरा होता. लोकांना लिहू नका हे बाईंनीच शिकवलेलं, आणि लोक ते शहाण्या मुलांसारखं शिकलेले. तेव्हा बाई टोपी घालून स्वतः वस्तीत निघाल्या. सायकलवाल्याच्या दुकानातून दोन नव्या सायकली गेल्या होत्या. तो हसायला लागला. "जाऊ द्या बाई, तुम्हीच म्हणालात ना, लिहून का सायकल परत येते?" किराणावाल्याचा गल्ला फोडला होता. तो म्हणाला, "मी कुठं तक्रार केलीय? माझं काही म्हणणं नाही." शिकवणी घेणाऱ्या बाईंच्या गळ्यातली साखळी भर रस्त्यात ओढली होती, मानेवर अजून वळ होता. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "साखळी पडली असं तुम्हीच माझ्याकडून लिहून घेतलंत. आता ती पुन्हा उचलून चोराच्या हातात देऊ का?"

हवालदारबाईंना हे सगळं मुकाट्याने ऐकावं लागलं. दुसऱ्याला झापायची सवय असलेल्या माणसाला ऐकून घेणं फार जड जातं. पण त्या चिवट होत्या. शिकवणीच्या बाईंना त्या म्हणाल्या, "मी चुकीचं लिहून घेतलं. आता बरोबर लिहून घ्यायला आलेय. तुम्ही चौकीत आलात तर उभं ठेवणार नाही." शिकवणीच्या बाई पायात चपला घालू लागल्या. त्या गेल्या हे पाहून किराणावाला गेला. किराणावाला गेला म्हटल्यावर सायकलवाला कसा मागे राहील? चौकीत कधी नव्हे ती कार्बनची टंचाई झाली. लंबूचं अक्षर आधीच कोंबडीचे पाय, त्यात लिहून लिहून त्याची बोटं आखडली. पण खोटं एक अक्षर आत आलं नाही. एकाने शेजाऱ्यावर सूड म्हणून कोंबडी चोरल्याची तक्रार आणली. बाईंनी जाऊन पाहिलं तर कोंबडी त्याच्याच माळ्यावर अंडी घालत बसलेली. त्याला तिथूनच हाकलला.

आणि व्हायचं तेच झालं. वर्तमानपत्रात आलं, 'बाजारामागच्या वस्तीत गुन्ह्यांचा उच्चांक'. बाईंची आई त्यांच्याकडेच राहायची. तिने तो पेपर ताटाशेजारी आणून आपटला. "अगं, एवढी वर्षं नाव कमावलंस ते घालवायला निघालीस काय?" पाठोपाठ साहेबांचं बोलावणं आलं.

साहेब संतापले होते. "मी काही दाखवा म्हणालो होतो, पेपरात छापून आणा नाही. मला काय तोंड दाखवू वर? एका महिन्यात गुन्हे एवढे वाढले कसे?"

"गुन्हे होते तेवढेच आहेत, साहेब. आम्ही लिहायला लागलो."

साहेबांनी टेबलावरचे कागद चाळले. माणूस वाईट नव्हता. दहा चौक्यांचं काम चार चौक्यांच्या माणसांत भागवून त्याचे केस पांढरे झाले होते. जरा शांत होऊन तो म्हणाला, "बाई, हे सायकली, मोबाइल, गल्ले. यावर माणसं मिळत नाहीत. बैठकीत म्हणतील, हे ठाण्यातूनही बघता येईल. घरातल्या मारहाणी, धमक्या, अशा तक्रारी असतील तर चौकी जवळ हवी असं मी छातीठोक सांगेन. तुमच्या कागदांत तसली एकही नाही. तुमच्या वस्तीत बायका मार खात नाहीत का?"

"खातात, साहेब," बाई म्हणाल्या आणि खाली बघू लागल्या.

परत येताना त्या सरळ शिवणकाम करणारीकडे गेल्या. तोंडात कायम टाचण्या आणि बोलणंही तसंच, म्हणून सगळे तिला टाचणीबाई म्हणायचे. वस्तीतल्या बायका मापं द्यायला तिच्याकडे येत आणि मापांबरोबर सगळं काही सांगून जात. तिच्या स्वतःच्या दंडावरही नवऱ्याची बोटं उमटलेली बाईंनी पाहिली होती.

"बायकांना सांग, चौकीत या. सगळं लिहून घेऊ. आता बाक नाही, चहा नाही."

टाचणीबाईने मशीन थांबवलं. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीला लावल्या. बाईंना वाटलं, आता ही हो म्हणणार.

"तुमच्या धाकट्या बहिणीचं लिहिलंत का?" तिने विचारलं.

बाईंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"सगळ्या गल्लीला माहितीय. आधी घरचं लिहा बाई, मग आम्हाला बोलवा. आम्ही येऊ. मी पहिली येईन."

तिने पुन्हा मशीन सुरू केलं. बाई वळून धाकटीच्या घराकडे निघाल्या. राग यायला हवा होता, आला नाही. टाचणीबाई खरं बोलली होती आणि ते बाईंना पुरतं लागलं होतं.

धाकटीच्या घरी पोचल्या तेव्हा मेहुणा गाडीचे भाग आणायला गावाबाहेर गेलेला. आई तिथेच बसलेली, कारण लेकीकडे भाजी निवडायला जाणं हा तिचा रोजचा नेम. बाईंनी दोघींसमोर सरळ विषय काढला.

आई उसळली. "घरची अब्रू चव्हाट्यावर मांडतेस? चार दिवसांनी तो शांत होईल. तू त्याला समज दे, तुझं ऐकतो तो."

"आई, तू थांब," धाकटी म्हणाली. आईला थांब म्हणणारी धाकटी बाईंनी पहिल्यांदाच पाहिली. "ताई, तू त्याला तीनदा समज दिलीस. ते झापणं, तो चहा, ते कान पकडणं. घरी आल्यावर दार लावून काय व्हायचं, तुला ठाऊक आहे? प्रत्येक चहा त्यानं माझ्याकडून वसूल केलाय. चार लोकांत त्याला बाकावर बसवलंस म्हणून. म्हणून तर मी नंतर यायची बंद झाले. तुला वाटलं तो सुधारला."

बाई मटकन खाली बसल्या. एवढी वर्षं ज्या बाकाची प्रौढी मिरवली, त्याच्यापायी आपल्या हाताने बहिणीला मार बसत होता. चौकीच्या दिव्याला तो भीत नव्हताच, उलट त्या दिव्याखालून घरी जाऊन तो जास्त चेकाळत होता. बाईंना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. आईच्या हातातली भाजीची काडी तशीच राहिली.

"मी तुला ये म्हणून सांगणार नाही," डोळे पुसून बाई म्हणाल्या. "सांगायचा हक्क माझा उरला नाही. पण आलीस तर लिहिलं जाईल. आणि मी लिहिणार नाही, लंबू लिहील. माझीही साक्ष त्यात असेल. त्यानंतर माझं काय व्हायचं ते होऊ दे."

दुसऱ्या दिवशी बाई चौकीच्या दारातून हलल्या नाहीत. बाजार भरला, गर्दी झाली, धाकटी आली नाही. ऊन चांगलं चढल्यावर मात्र गल्लीच्या तोंडाशी ती दिसली. तिचा हात आईने धरला होता. आईचं तोंड फुगलेलं होतं, पण हात सोडलेला नव्हता. धाकटी येऊन बाकाच्या एका टोकाला बसली. टपरीवाल्याने तिला पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीने दोन चहा आणून बाकावर ठेवले.

मागोमाग मेहुणा आला. कोणीतरी त्याला गाठून सांगितलं असावं. त्याने बाईंना नमस्कार केला, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, पायावर पाय टाकला आणि चहाला हात घातला.

"बोला ताई. आज काय समज द्यायची?"

"उठा," बाई म्हणाल्या.

"अहो, पण..."

"आजपासून या बाकावर फक्त तक्रार करणारे बसतील. तुम्ही आत चला, भिंतीपाशी उभे राहा. लंबू, कागद घे."

मेहुणा हसायला गेला, पण लंबूने खरोखरच कागदात कार्बन घातलेला बघून त्याचं हसू विरलं. तो उठला. बाई त्याच्या रिकाम्या जागी, बहिणीच्या शेजारी बसल्या. त्या बाकावर त्या आयुष्यात पहिल्यांदाच बसत होत्या. धाकटी बोलू लागली. आधी अडखळत, मग सरळ. लंबूने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. त्या गड्याला गप्प बसता येतं हे बाईंना नव्याने कळलं.

"याआधी पोलिसांना कळवलं होतं का?" त्याने नियमाचा प्रश्न विचारला आणि विचारून झाल्यावर जीभ चावली.

"कळवलं होतं," बाई म्हणाल्या. "लिही. तीन वेळा कळवलं होतं. तिन्ही वेळा चौकीच्या हवालदारांनी तक्रार न लिहिता आरोपीला चहा देऊन घरी पाठवलं. हवालदार म्हणजे मी. सही मी करते."

लंबूचा हात थांबला. "बाई, हे नको ना. नोकरीवर येईल."

"लिही म्हटलं ना."

त्याने लिहिलं. सही करून बाईंनी मान वर केली तर दारात टाचणीबाई उभी होती. तिच्यामागे अजून दोघीजणी, डोक्यावर पदर ओढून, पण उभ्या. टाचणीबाई म्हणाली, "मी पहिली येणार होते. नंबर चुकला."

साहेब स्वतः गाडी घेऊन मेहुण्याला न्यायला आले. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. "बाई, यात तुम्ही स्वतःलाच गोवलंय. चौकशी लागेल. बढतीचं विसरा, वर्दीचंही मी काही सांगू शकत नाही."

"ठीक आहे, साहेब. चौकीचं काय?"

साहेबांनी बाहेर उभ्या बायकांकडे पाहिलं. "एवढं समोर असताना चौकी हलवा म्हणायची कोणाची छाती नाही आता. ती राहील. दोन माणसंही मागतो. मिळतीलच असं नाही." जाता जाता त्यांनी कपाटावरची ढाल उतरवून काखोटीला मारली. "ही मात्र न्यावी लागणार. नियम आहे."

"न्या," बाई म्हणाल्या. त्यांनी ढालीकडे वळूनही पाहिलं नाही.

गाडी गेली. लंबू टाचणीबाईचं म्हणणं लिहू लागला. बाकावर दोन्ही चहा तसेच होते, वर साय धरलेली. धाकटीने आपला पेला सरकवून ताईच्या हातात दिला. मग नवऱ्यासाठी ठेवलेला चहा उचलला, बोटाने साय बाजूला केली आणि तो गार चहा सावकाश, सगळा पिऊन टाकला.